जुन्या नावाखाली नवं फंक्शन

आमची लायब्ररी तशी साधी आहे. वीजमीटर, फ्लोमीटर, कंप्रेसरवरचे सेन्सर यांच्याशी मॉडबसवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची एक ठरलेली पद्धत) बोलायचं आणि आलेलं रीडिंग प्रोग्रामच्या हातात द्यायचं, एवढंच तिचं काम. सीमध्ये लिहिलेली, लिनक्सवर डॉट-एसओ फाइल म्हणून जाते, म्हणजे प्रोग्राम चालू होताना त्याला जोडली जाते. अडचण आहे ती वापरणाऱ्यांची. ज्यांचा कोड आम्ही कधी पाहिलेला नाही अशा लोकांच्या कारखान्यांत ती बसलेली आहे. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत तर तिला वापरणाऱ्या प्रोग्रामचा सोर्स कोणाकडेच उरलेला नाही. लिहिणारा कंत्राटदार कधीच दुसरीकडे गेला, मागे राहिली ती नुसती बायनरी, म्हणजे कंपाइल झालेली फाइल. चालतेय म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

आणि मग २०३८ चा विषय निघाला. रीडिंगसोबत आम्ही जी वेळ देतो ती चिन्हासह ३२ बिटांची. जागतिक वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी ती भरते आणि पुढचा सेकंद डिसेंबर १९०१ मध्ये उगवतो. आज बसवलेला मीटर तेव्हाही चालू असण्याची शक्यता चांगलीच आहे, त्यामुळे एका गिऱ्हाइकाने लेखी उत्तर मागितलं. वेळ ६४ बिटांची करायची हे ठरायला पाच मिनिटंही लागली नसतील. कशी करायची, यावर मात्र बराच काळ गेला.

फंक्शनचं नाव इथे मापन_वाचा असं धरू. हाक मारणारा प्रोग्राम एक स्ट्रक्चर (ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांचा गठ्ठा) स्वतःच्या स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, ठेवतो, त्याचा पत्ता देतो, आपण ते भरतो. जुन्या स्ट्रक्चरमध्ये वेळ ४ बाइट, मीटरचा क्रमांक ४ बाइट, रीडिंग डबल म्हणजे ८ बाइट, एकूण १६. वेळ ८ बाइट केली की मधे ४ बाइटांची रिकामी जागा, म्हणजे पॅडिंग, येते आणि एकूण होतात २४. आता फाउंड्रीतल्या जुन्या प्रोग्रामने १६ बाइटांची जागा दिली आणि नव्या लायब्ररीने त्यात २४ लिहिले, तर पुढचे ८ बाइट कोणाच्या डोक्यावर बसतील ते सांगता येत नाही. नशीब असेल तर 'स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड' म्हणून प्रोग्राम पडेल. नसेल तर चालत राहील आणि भलताच आकडा छापेल.

पहिला पर्याय सगळ्यांनाच सुचतो: सोनेम, म्हणजे लायब्ररीचं आवृत्तीसह नोंदवलेलं नाव, बदला, लिबमापन.एसओ.१ चं २ करा, जुने प्रोग्राम जुन्यावर, नवे नव्यावर. पण आमच्या दोन गिऱ्हाइकांकडे मुख्य प्रोग्राम एकाचा आणि प्लगइन दुसऱ्याचा, असा कारभार आहे. प्रोग्राम १ मागतो, प्लगइन २ मागतं, दोन्ही लायब्रऱ्या एकाच प्रोसेसमध्ये चढतात आणि दोघींमध्ये मापन_वाचा नावाचं फंक्शन आहे. प्रोग्रामला लायब्रऱ्या जोडून देणारा डायनॅमिक लिंकर नाव शोधताना जी लायब्ररी आधी सापडेल तिचं फंक्शन उचलतो. प्लगइनला एसओ.२ हवी होती, हे त्याच्या हिशेबात नसतं. सोनेम फक्त कोणती फाइल उघडायची ते ठरवतं, कोणता सिम्बॉल (म्हणजे फंक्शनचं नाव) कोणाला मिळेल ते ठरवत नाही. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या सिम्बॉलांवर ओपनएसएसएल_१_१_० किंवा ओपनएसएसएल_३.०.० असे शिक्के दिसतात ते याचसाठी.

दुसरा पर्याय: नवं नाव, मापन_वाचा६४. हा खरं तर सर्वांत सरळ रस्ता, आणि कोणी विचारलं तर आजही मी हाच सुचवेन. आमच्याकडे तो का अडला? गिऱ्हाइकांना कोडमध्ये बदल न करता नुसतं रिकंपाइल करून नवी वेळ हवी होती. त्यासाठी हेडरमध्ये (गिऱ्हाइकांच्या कोडमध्ये घेतली जाणारी आमची घोषणांची फाइल) मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी शब्द बदलणारी ओळ, टाकून जुनं नाव नव्यावर वळवावं लागतं, आणि मॅक्रो आंधळा असतो. एका गिऱ्हाइकाच्या सी प्लस प्लस कोडमध्ये क्लासच्या मेथडचं नावही तेच होतं. आमचा हेडर ज्या फाइलमध्ये होता तिथे मेथडचंही नाव बदललं, दुसऱ्या फाइलमध्ये नाही, आणि लिंकिंगलाच सगळं कोसळलं.

उरला तिसरा पर्याय, सिम्बॉल व्हर्जनिंग, म्हणजे प्रत्येक नावावर व्हर्जनचा शिक्का मारणं. ही कल्पना मूळची सोलॅरिसची, ग्नूवाल्यांनी ती पुढे वाढवली आणि ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी, ती २.१ पासून वापरत आहे. आपण सगळेच तिच्यावर जगतो, फक्त बिघडल्यावर ती दिसते. उबुंटू २२.०४ वर बिल्ड केलेला प्रोग्राम रेड हॅट ८ वर नेला की 'व्हर्जन ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड' हा ठणठणाट कोणी ऐकला नसेल? पहिल्याची ग्लिबसी २.३५, दुसऱ्याची २.२८. आणि २.३४ मध्ये पीथ्रेड आणि डीएलच्या लायब्रऱ्या मुख्य लिबसीत विलीन झाल्या, शिवाय प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनचंही नवं व्हर्जन आलं, त्यामुळे काहीही न वापरणारा प्रोग्रामही २.३४ मागतो.

मेमसीपीवाय या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनचा किस्सा तर शिकवण्यासारखा आहे. ग्लिबसीने २०१० च्या सुमारास काही प्रोसेसरांसाठी मेमसीपीवाय वेगवान केलं, आणि ते काही वेळा उलट्या दिशेने कॉपी करू लागलं. नियमाप्रमाणे एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी मेमसीपीवाय वापरायचंच नसतं. पण फ्लॅश प्लेयर ते वापरत होता, आणि फेडोरा १४ वर व्हिडिओचा आवाज खरखरू लागला. चूक कोणाची यावर लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याच्यासकट बऱ्याच जणांनी वाद घातला. शेवटी ग्लिबसी २.१४ मध्ये मेमसीपीवायचं नवं व्हर्जन निघालं, आणि ६४ बिट इंटेलवर जुन्या २.२.५ च्या शिक्क्याने येणाऱ्यांना मेममूव्हसारखं वागणारं, म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या जागाही नीट कॉपी करणारं, सुरक्षित फंक्शन मिळू लागलं. जुना प्रोग्राम जसा होता तसा चालला, नव्याला वेग मिळाला. आम्हाला हेच हवं होतं.

यात लागतं काय? एक मॅप फाइल, तीत व्हर्जनांचे गट. मापन_१.० च्या गटात जुने सिम्बॉल, मापन_१.१ च्या गटात नवं मापन_वाचा, आणि बाकी सगळं लोकल म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारं. सीच्या फाइलमध्ये एकाच फंक्शनची दोन अंगं लिहायची आणि सिमव्हर या असेंब्ली सूचनेच्या ओळींनी सांगायचं की हे मापन_वाचा@मापन_१.०, ते मापन_वाचा@@मापन_१.१. दोन @ म्हणजे डिफॉल्ट, आजपासून लिंक होणाऱ्यांना हे मिळेल. एक @ म्हणजे आधीपासून बांधलेल्यांसाठी राखून ठेवलेलं. ऑब्जडंप या साधनाने सिम्बॉलांची यादी काढली की हे जुनं व्हर्जन कंसात छापून येतं. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या खातेदाराचं नाव खोडत नाहीत, कंस करतात, तसंच. यादीत तो कंस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं.

लिहायला हे सोपं वाटतं. पण आमच्या लायब्ररीत आजवर व्हर्जनिंग नव्हतंच. फाउंड्रीच्या बायनरीत 'मला मापन_वाचा हवं' एवढंच लिहिलेलं, कोणत्या व्हर्जनचं ते नाही. अशा बिनशिक्क्याच्या मागणीला लिंकर काय देतो? यावर टीममध्ये दोन तट पडले. एक म्हणे डिफॉल्ट मिळणार, म्हणजे नवं, म्हणजे फाउंड्री मेली. शेवटी ग्लिबसीचा सोर्सच उघडला. तिथे नियम स्पष्ट आहे: बायनरीला व्हर्जनांची माहितीच नसेल तर सर्वांत जुनी व्याख्या द्यायची, आणि जुनी म्हणजे व्हर्जनांच्या क्रमांकात २ किंवा त्याखालची. क्रमांक १ लायब्ररीच्या स्वतःच्या नावाचा, २ पहिल्या गटाचा. म्हणजे मॅप फाइलमध्ये सर्वांत जुना गट सर्वांत वर हवा. क्रम इथे दिसण्यापुरता नाही. मॅप फाइलच्या डोक्यावर मी तशी ठळक टिप्पणी लिहून ठेवली आहे, कारण कोणीतरी एक दिवस नवं वर, जुनं खाली अशी नीटनेटकी मांडणी करायला जाईलच.

मग फाउंड्रीच्या मेंटेनन्सच्या साहेबांना फोन केला आणि बायनरीची एक प्रत मागितली.

"प्रत घ्या, पण लाइन बंद ठेवता येणार नाही बरं का," ते म्हणाले. "आणि नवीन काही बसवायला येऊ नका, आमचं चांगलं चाललंय."

"नाही साहेब, तुमचा प्रोग्राम तसाच राहील. आमची लायब्ररी बदलली तरी तो चालावा, एवढंच बघायचंय."

"मग बदलताच कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता.

बायनरी आली. एनएम हे साधन चालवून ती बाहेरून काय काय मागते त्याची यादी काढली. मापन_उघडा, मापन_वाचा, मापन_बंद ही अपेक्षित नावं होती, आणि त्यांच्या खाली आमचं सीआरसी (संदेश बिघडला नाही ना ते तपासणारा आकडा) काढणारं आतलं फंक्शन. हे हेडरमध्ये कधीच नव्हतं. कंत्राटदाराने ते कुठूनतरी हुडकून स्वतःच्या कोडमध्ये हाताने डिक्लेअर केलं असणार. व्हर्जनिंग नव्हतं तेव्हा लायब्ररीतलं प्रत्येक नाव उघड्यावर होतं, आणि जे उघड्यावर असतं ते कोणीतरी वापरतंच. मॅप फाइलमधल्या 'बाकी सगळं लोकल' या एका ओळीने हे फंक्शन गायब झालं असतं. त्यातून प्रोग्राम सुरूही झाला असता, कारण फंक्शनांची बांधणी पहिल्या हाकेपर्यंत लांबवलेली असते, आणि पहिला मॉडबस संदेश तपासताना 'सिम्बॉल लुकअप एरर' देऊन तो पडला असता. ते फंक्शन निमूट मापन_१.० च्या गटात घातलं. त्यानंतर जेवढ्या गिऱ्हाइकांनी दिल्या तेवढ्या सगळ्या बायनऱ्या गोळा करून त्यांच्या मागण्यांची एक यादी बनवली. या सगळ्या उद्योगातलं सर्वांत उपयोगी काम हेच ठरलं, असं माझं मत आहे. आपली लायब्ररी लोक कशी वापरतात हे आम्हाला आमच्या डॉक्युमेंटेशनवरून नाही, या यादीवरून कळलं.

आता रिलीजचा क्रम. माझं म्हणणं होतं की दोन टप्प्यांत जायचं: आधी वागणूक काडीइतकीही न बदलता फक्त मापन_१.० चा शिक्का मारलेली लायब्ररी सगळीकडे पोहोचवायची, आणि ती रुजल्यावर मापन_१.१ काढायची. मॅनेजरना यात फुकटचा उशीर दिसत होता. त्यांना पटवायला प्रयोगच करून दाखवला. नव्या हेडरने बांधलेला प्रोग्राम घेतला आणि शेजारी जुनी, बिनशिक्क्याची लायब्ररी ठेवली. अर्धवट अपग्रेड झालेल्या गेटवेवर हे सहज होतं. प्रोग्राम चालू झाला! स्क्रीनवर फक्त एक ओळ आली, 'नो व्हर्जन इन्फॉर्मेशन अव्हेलेबल', आणि तो पुढे सरकला. लायब्ररीत व्हर्जनिंगच नसेल तर लिंकर नुसती कुरकुर करतो, अडवत नाही. जुन्या फंक्शनने २४ बाइटांच्या स्ट्रक्चरमध्ये आपले १६ बाइट भरले. क्रॅश नाही, एरर नाही. वेळेच्या वरच्या ३२ बिटांत मीटरचा क्रमांक जाऊन बसला आणि रीडिंगच्या जागी आधीचा कचरा राहिला. मग तोच प्रयोग मापन_१.० चा शिक्का असलेल्या लायब्ररीवर केला. या वेळी 'व्हर्जन मापन_१.१ नॉट फाउंड' म्हणून प्रोग्राम दारातच थांबला. मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, दोन टप्पे."

कोडमधली कटकट फार सांगत नाही. लिंक टाइम ऑप्टिमायझेशन चालू असेल तर सिमव्हरच्या असेंब्ली ओळी आणि त्यांची फंक्शनं यांची ताटातूट होते. यावर जीसीसी या कंपायलरच्या १० मध्ये सिमव्हर नावाचं ॲट्रिब्यूट आलं. आमच्या आर्म बोर्डांचा कंपायलर त्याहून जुना, म्हणून त्या एका फाइलपुरतं ते ऑप्टिमायझेशन बंद केलं आणि पुढे गेलो.

तपासणी जास्त रंजक होती. एलडी_डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये बाइंडिंग्ज असं लिहून प्रोग्राम चालवला की कोणता सिम्बॉल कोणत्या फाइलमधून बांधला गेला ते ओळीओळीने छापलं जातं. नव्या प्रोग्रामच्या ओळीच्या शेवटी मापन_१.१, पहिल्या टप्प्यात बांधलेल्याच्या शेवटी मापन_१.०. फाउंड्रीच्या बायनरीच्या ओळीला मात्र शेपूटच नाही, कारण तिने व्हर्जन मागितलेलंच नव्हतं. मग जीडीबी हा डीबगर लावून जुन्या अंगावर ब्रेकपॉइंट टाकला, आणि तो तिथे जाऊन थांबला तेव्हा टीममधल्या 'डिफॉल्ट मिळणार' म्हणणाऱ्या तटाने चहा पाजला.

ज्यांना हे करायचंय त्यांनी दोन खड्डे आधीच बघून ठेवावेत. पहिला पायथनचा. त्याच्या सीटाइप्स मॉड्यूलने लायब्ररी उघडून फंक्शन मागितलं की आत डीएलसिम हे नावावरून फंक्शन शोधून देणारं फंक्शन चालतं, आणि ते व्हर्जन न सांगता मागणाऱ्याला डिफॉल्ट म्हणजे नवं फंक्शन देतं. म्हणजे बिनशिक्क्याच्या बायनरीला जुनं आणि बिनशिक्क्याच्या डीएलसिमला नवं! स्ट्रक्चर मात्र स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेलं, १६ बाइटांचं. एका गिऱ्हाइकाकडे रोजचा रिपोर्ट काढणारी अशी स्क्रिप्ट सापडली. विशिष्ट व्हर्जन मागायला डीएलव्हीसिम आहे, पण त्यापेक्षा स्क्रिप्टमधलं स्ट्रक्चर सुधारणं सोपं होतं, तेच केलं. असे स्क्रिप्टवाले जास्त असते तर मी नव्या नावाच्या पर्यायावर अडून बसलो असतो.

दुसरा खड्डा आल्पाइन या छोट्या लिनक्सचा. कंटेनर लहान व्हावा म्हणून लोक आल्पाइन घेतात, आणि तिथे ग्लिबसी नसून मस्ल ही सीची दुसरी लायब्ररी असते. मस्लचा लिंकर कंसातल्या सिम्बॉलांकडे बघतच नाही, मागणी कोणाचीही असो, डिफॉल्टच देतो. तिथे जुना प्रोग्राम नव्या फंक्शनवर आदळणार हे ठरलेलं. म्हणून आल्पाइनसाठी वेगळं सोनेम आणि 'रिकंपाइल केल्याशिवाय चालणार नाही' अशी स्पष्ट सूचना दिली.

आणि प्लगइनवाल्यांसाठी एक गोष्ट, जी व्हर्जनिंग सोडवत नाही. जुन्या हेडरने बांधलेल्या प्लगइनने भरून घेतलेलं स्ट्रक्चर नव्या हेडरने बांधलेल्या मुख्य प्रोग्रामला दिलं, तर मधे लायब्ररी नाहीच. लिंकरला यातलं काही कळत नाही. दोघांनी एकत्र रिकंपाइल करायचं, दुसरा उपाय नाही. हे सांगितल्यावर त्यांच्या दोन कंपन्यांमध्ये जे ईमेल-युद्ध झालं त्यात आम्ही पडलो नाही.

आता दर बिल्डला लायब्ररीची सिम्बॉल-यादी आधीच्या यादीशी ताडून पाहिली जाते, शिवाय ॲबीडिफ हे साधन स्ट्रक्चरांचे आकार तपासतं. आमच्या बदलावर त्याने 'आकार १२८ वरून १९२' असं बिटांत बजावलं होतं. मधे टीममधल्या एका मुलाने एक छोटं फंक्शन वाढवलं आणि सवयीने मापन_१.१ च्या गटात टाकलं, जो गट आधीच बाहेर गेला होता. यादीने बिल्ड पाडला.

"एकच तर फंक्शन आहे, नवीन गट कशाला?" त्याचा प्रश्न.

"लिंकर सुरुवातीला काय तपासतो?"

"व्हर्जन आहे का ते."

"गटाचं नाव आहे का, एवढंच. गटात तुझं फंक्शन आहे का ते नाही बघत. मग साइटवर आधीची मापन_१.१ असेल तर?"

"प्रोग्राम सुरू होईल…"

"आणि रात्री दोनला तुझ्या फंक्शनला पहिली हाक जाईल तेव्हा पडेल."

त्याने मापन_१.२ चा गट केला.

शेवटचा वाद जुन्या फंक्शनचा होता. तारीख २०३८ च्या पुढे गेल्यावर जुन्या मापन_वाचाने काय करायचं? वेळ गुंडाळून १९०१ द्यायची, कमाल आकड्यावर गोठवायची, की एरर द्यायची? मी एररच्या बाजूने होतो. ३२ बिटांच्या जुन्या प्रोग्रामने आपल्या मापात न मावणाऱ्या मोठ्या फाइलची माहिती स्टॅट या फंक्शनने मागितली की त्याला ईओव्हरफ्लो, म्हणजे 'मावत नाही' असा एरर, मिळतो, तोच पायंडा आपण घ्यावा असं माझं म्हणणं होतं, आणि तेच ठरलं. टेस्ट मशीनचं घड्याळ २० जानेवारी २०३८ वर नेलं, फाउंड्रीची बायनरी चालवली, तिने एरर घेऊन 'मीटर उत्तर देत नाही' असा स्वतःचा ठरलेला संदेश छापला आणि चालत राहिली. कंत्राटदाराने निदान रिटर्न व्हॅल्यू तपासली होती. हा निकाल साहेबांना फोनवर सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी ३१ ला रिटायर होतोय. लिहून पाठवा, फाइलला लावून ठेवतो."